जुलैअखेरचं यंत्र

ओर्नेल्लाची बोटं कणकेच्या चकतीवर तशीच थांबली. आत सारण भरून झालं होतं, कडा अर्धीच मिटली होती.

"नंबर काय म्हणालास?"

"अकराशे चाळीस." सेत्तिमिओने चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ धरला. "दुसरी मालिका. सोपा प्रश्न होता. कालच उत्तर पाठवलं."

"त्र्याऐंशी सालचं?"

"जुलै त्र्याऐंशी. का गं?"

ओर्नेल्लाने हात फडक्याला पुसले. कास्तेलफिदार्दोतला तो सिंथेसायझरचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती. तिथे ती बोर्डांवर सुटे भाग सोल्डर करायची आणि तयार यंत्रं सेत्तिमिओच्या तपासणीच्या टेबलावर जायची. आता जगभरातले लोक त्या जुन्या यंत्रांबद्दल एका संकेतस्थळावर प्रश्न विचारत आणि सेत्तिमिओ घरी जपून ठेवलेले सर्किटचे नकाशे पाहून उत्तरं देई. दर रविवारी जेवणाआधी आठवड्याची उत्तरं तो ओर्नेल्लाला वाचून दाखवायचा. ती बहुतेक वेळा ऐकत नसे.

"प्रश्न पुन्हा वाच," ती म्हणाली.

लुगो गावाहून लोरेत्ता नावाच्या बाईने लिहिलं होतं. तिचे वडील नोव्हेंबरात गेले. नाचाच्या हॉलमध्ये वाजवणारा त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, ती त्यात गाते. वडिलांच्या सिंथेसायझरच्या मेमरीत त्यांनी बसवलेले बत्तीस आवाज आहेत. लोक डोळे मिटूनही ऑर्केस्ट्रा ओळखतात, तो या आवाजांमुळे. ते दुसरीकडे कुठेही उतरवलेले नाहीत. आतली बॅटरी संपत आली आहे. येत्या शनिवारी वडिलांशिवायचा पहिला कार्यक्रम. आवाज न घालवता बॅटरी कशी बदलायची? रविवारी सकाळी शेजारी सोल्डर करून द्यायला येणार आहेत.

"आणि तू काय लिहिलंस?"

"यंत्र चालू ठेवा आणि बॅटरी काढा. नवी बसेपर्यंत मेमरी घरच्या विजेवर तगते. नकाशात स्पष्ट आहे, दोन डायोड—"

"इंजिनियरसाहेब, जुलैत आपल्याकडे नवे बोर्ड होते कुठे?"

सेत्तिमिओने कागद खाली ठेवला.

"ते आले सप्टेंबरात," ओर्नेल्ला म्हणाली. "ऑगस्टची सुट्टी लागायच्या आत चाळीस यंत्रं बाहेर काढायची होती. आम्ही शिल्लक राहिलेले जुने बोर्ड नव्या पेट्यांत बसवले, नवे नंबर चिकटवले आणि समुद्रावर गेलो. तूही आला होतास. पाठ भाजली होती तुझी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू तपासलीस की ती यंत्रं! वाजत होती, तू पास केलीस. झाकण उघडून कधी बघितलंस?"

जुन्या बोर्डावर मेमरीची वीज फक्त बॅटरीच्या तारेतून जायची, हे सेत्तिमिओला पाठ होतं. आधी दुसरी बॅटरी जोडून घेतली नाही, तर जुनी निघताक्षणी मेमरी कोरी होणार होती, यंत्र चालू असो वा बंद. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा.

"मेल लिहितो," तो म्हणाला, पण उठला नाही.

"मेल कोण बघतंय रविवारी? ऑर्केस्ट्राचं नाव सांग. यांच्या पोस्टरवर फोन नंबर असतो, कार्यक्रम ठरवायला."

पिठाच्या बोटांनी तिनेच फोनवर शोधलं आणि नंबर लावून फोन टेबलाच्या मध्ये ठेवला. आवाज मोठा केला. चौथ्या घंटेला कुणीतरी उचलला.

"लोरेत्ताबाई? मी सेत्तिमिओ, कास्तेलफिदार्दोहून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मीच पाठवलं होतं. बॅटरी अजून काढली नसेल तर—"

"काढली. अकरा वाजता. नवीही बसली."

ओर्नेल्लाने खुर्ची ओढली आणि बसली.

"आणि मेमरी?"

"सगळं गेलं," लोरेत्ता म्हणाली. "बत्तीसच्या बत्तीस."

सेत्तिमिओने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुमच्या शेजाऱ्यांची नाही. मी नंबर पाहून उत्तर दिलं. तुमच्या यंत्रात जुना बोर्ड आहे. मी आधी झाकण उघडून बघायला सांगायला हवं होतं."

"अरे देवा, मी तर त्या बिचाऱ्यांना नको नको ते बोलले. जेवायला थांबणार होते, तसेच निघून गेले." ती थोडी हसली. ते हसू सेत्तिमिओला समजेना. "थांबा, आत जाते. तुम्हीच ऐका."

पावलं वाजली, दार उघडलं. लांबून क्लॅरिनेटसारखा एक सूर आला. तो आधी खरखरीत होता. मग कुणीतरी काहीतरी किंचित सरकवलं असावं. सुराची धार गेली, आत ओलावा आला. सूर तसाच थोडा वेळ धरून ठेवला गेला आणि थांबला.

"हा विसावा आवाज," लोरेत्ता म्हणाली.

"कोण करतंय?"

"आई. मी रडत बसले होते. ती स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, एवढंच ना, हो बाजूला. तेव्हापासून बसलीय. बाबांना म्हणे त्या सरकवायच्या दांड्यांतलं काही कळायचं नाही. ते वाजवायचे. आवाज ही बसवायची, दुपारी ते झोपले की. आणि मी बावीस वर्षं या आवाजांवर गातेय!"

"तू कधी विचारलंस?" मागून म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "पोस्टरवर नाव त्यांचं होतं, ते बरंच होतं. नाव असलं की थकलेल्या बिलांचे फोनही त्यांनाच यायचे. कोण आहे गं फोनवर? तो चुकीचं सांगणारा?"

ओर्नेल्लाने तोंडावर फडकं धरलं. तिचे खांदे हलत होते.

"हो बाई, तोच," सेत्तिमिओ म्हणाला.

"मी आर्जिया. बरं झालं फोन केलात. मी म्हटलं हा माणूस सांगून मोकळा झाला."

"सगळे परत जमताहेत का?"

"जमायला काय झालं? मी काही कागद बघून केले नव्हते. दोनतीन आता पूर्वीपेक्षा बरे झालेत, हिला सांगू नका. एक मात्र तुम्ही ऐकाच. तुमच्या कारखान्याच्या पुस्तिकेत लिहिलंय की या यंत्रातून अकॉर्डियन निघत नाही."

"नाही निघत," सेत्तिमिओ म्हणाला. हे वाक्य पुस्तिकेत त्यानेच घालायला लावलं होतं. गावात घरटी एक माणूस अकॉर्डियन बनवणारा. खोटं आश्वासन दिलं असतं तर लोकांनी रस्त्यात अडवलं असतं. "भात्याचा श्वास येत नाही. सर्किटच तसं नाही."

"ऐका."

आर्जियाने वाजवलं. साधी चार मात्रांची ओळ होती. सुराआधी हवा आत घेतल्यासारखं झालं, मग सूर फुलला. भाता उलटा फिरतो तिथे तो किंचित अडखळला आणि पुन्हा भरला. ओर्नेल्लाचे वडील अकॉर्डियनच्या आतल्या धातूच्या स्वरपट्ट्या घासून सुरात आणायचे. तिने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं, जणू कुणी वाद्य गळ्यात घालून आत येणार होतं.

ओळ संपली.

"फोन आहे ना?" आर्जियाने विचारलं.

"आहे, आहे," सेत्तिमिओ म्हणाला. "बाई, हा श्वास कुठून आणलात?"

"असं मोघम विचारू नका. मला अजून बारा करायचेत, आणि हिने सकाळपासून खाल्लेलं नाही."

ओर्नेल्लाने सामानाच्या यादीजवळची पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली आणि अर्धी राहिलेली चकती मिटायला घेतली. सेत्तिमिओ खुर्ची पुढे ओढून फोनवर वाकला.

"बरं," तो म्हणाला. "डावीकडून पहिली दांडी. ती कुठवर नेता?"