डावीकडून चौथे

रोमेलला रविवारी काहीही करायचे नव्हते. हे त्याने हरीशला शनिवारी दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा हरीशने मान डोलावली. पाहुण्याच्या इच्छेला मान डोलवायची आणि मग आपल्या मनातलेच करायचे, ही आपल्याकडच्या आदरातिथ्याची जुनी रीत आहे. हरीश त्या रीतीला अपवाद नव्हता.

रोमेल फिलिपाइन्सचा. वारंगा फाट्याजवळच्या एका नव्या कारखान्यात हळद निवडण्याचे यंत्र बसवायला कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी धाडले होते. तो हिंगोलीतल्या एका लॉजवर राहत असे. आठवड्याचे सहा दिवस पिवळ्या धुळीत नटबोल्ट आवळण्यात जात. सातवा दिवस त्याचा स्वतःचा. त्या दिवशी हाफ पँट घालून परक्या गावात हिंडावे, जे तळलेले दिसेल ते खावे, सावली दिसेल तिथे बसावे आणि कोणी काही विचारू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती. बसची वाट पाहणारा अनोळखी मनुष्यसुद्धा ‘कोन्या गावचे पावने?’ हे विचारल्याशिवाय ज्या जिल्ह्यात कोणाला बाकावर टेकू देत नाही, तिथे ही अपेक्षा किती मोठी आहे, याची त्या बापड्याला कल्पना नव्हती.

यंत्रावरच्या इंग्रजी सूचना मराठीत करून द्यायला मालकाने हरीशला बोलावले होते. ओळख झाली ती तिथे. हरीश इंग्रजीचा प्राध्यापक होता. निदान लोक तसे म्हणत. गोरेगावच्या पुढे, वऱ्हाडच्या हद्दीला लागून असलेल्या एका महाविद्यालयात तो नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होता. या तत्त्वाचे तत्त्वज्ञान सोपे आहे: तास असेल तोवर मनुष्य अस्तित्वात असतो, घंटा वाजली की तो नसतो. यंदा मात्र इंग्रजीची एक कायम जागा मंजूर झाली होती. मुलाखती मंगळवारी होत्या, आणि संस्थेचे अध्यक्ष किशनराव यांनी हरीशला आठ दिवसांपूर्वी बोलावून घेतले होते.

“सर, आपलं चर्चासत्र आंतरराष्ट्रीय हाय. पत्रिकेवर छापून बसलो आमी. मूल्यांकन समितीला फोटोसकट अहवाल धाडायचा. मंग एक तरी फॉरेनर पाह्यजे का न्हाई? तुमी तेवढा मानूस आना. मंगळवारी आमी तुमचं बराबर पाहून घेऊ.”

‘जागतिकीकरणाच्या परिप्रेक्ष्यात ग्रामीण ज्ञानपरंपरा : दशा आणि दिशा’ असा चर्चासत्राचा विषय होता. त्यासाठी हरीशने स्वतःचा एक निबंध महिनाभर खपून लिहिला होता. स्थानिक वक्त्यांसाठी वेळ उरत नाही, असे सांगून प्राचार्यांनी तो परत केला. तो निबंध घडी घालून अजून त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

“फक्त अर्धा तास,” हरीशने रोमेलला इंग्रजीत गळ घातली. “दोन शब्द बोल. मग झाडाखाली बस, हवे ते खा. माझी नोकरी आहे त्यात.”

रोमेलने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मायदेश सोडून पोट भरणाऱ्याला नोकरी या शब्दाचे भाषांतर लागत नाही. “अर्धा तास,” तो म्हणाला. “पण हाफ पँट मी बदलणार नाही.”

कारखान्याची जीप घेऊन फारुक सकाळी लॉजवर आला. फारुक वारंगा फाट्याचा. त्याचे घराणे पिढ्यान्पिढ्या तिथलेच. वडील बैलगाडीची चाके बांधत, हा जीप चालवी, आणि हंगामात हळदीचा ट्रक घेऊन निजामाबादच्या बाजारात जाई. तो गोरापान होता आणि त्याचे डोळे घारे होते. त्या दिवशी परतताना सेनगावला बहिणीच्या घरी जेवायचे म्हणून त्याने पांढराशुभ्र शर्ट, काळा गॉगल आणि लग्नातले बूट असा सगळा सरंजाम अंगावर चढवला होता.

“काय हो फारुकभाई, नवरदेव होऊन राहिले?” हरीश म्हणाला.

“बहिनीच्या सासरी जायचं म्हनल्यावर इस्त्री लागतीच ना, सर. न्हाई तर ते लोक म्हनतेत, डायवर आला.”

महाविद्यालयाच्या पोर्चमध्ये प्राचार्य, फोटोग्राफर आणि ढोलताशा तयार होते. अध्यक्ष येईपर्यंत काहीच सुरू होणार नव्हते, आणि वेळेवर येणे अध्यक्षांना शोभत नसल्याने सगळे उन्हात ताटकळले. तासाभराने पांढऱ्या गाडीतून किशनराव उतरले. काखेत चामडी हँडबॅग होती. प्राचार्यांनी धावत जाऊन त्यांच्या हाती झेंडूचा जाडजूड हार दिला. किशनरावांनी पोर्चवरून एक नजर फिरवली. एकीकडे घाऱ्या डोळ्यांवरचा गॉगल नुकताच कपाळावर सरकवलेला उंच गोरा मनुष्य उभा होता. त्याच्या शेजारी बुटका, सावळा, हाफ पँट घातलेला आणि पायांत रबरी चप्पल असलेला दुसरा. शंकेला जागाच नव्हती. किशनरावांनी आपली बॅग त्या बुटक्याच्या हाती दिली, “धर रे जरा,” म्हणाले, आणि हार फारुकच्या गळ्यात घातला.

“वेलकम डॉक्टर! वेलकम!”

ढोल वाजला. फ्लॅश चमकला.

हरीशच्या तोंडून “साहेब, ते…” एवढे निघाले, तोच प्राचार्यांचा बूट त्याच्या पायावर आला. प्राचार्यांनाही सारे कळले होते. ते मूर्ख नव्हते, फक्त प्राचार्य होते.

“अध्यक्षांच्या हातून पडलेला हार परत घेत नसतात, सर,” ते ओठ न हलवता पुटपुटले.

संस्थेच्या घटनेत असे कलम नाही. घटनेतली बाकीची कलमे कोणी पाळत नाही, हे मात्र एवढ्या निष्ठेने पाळले जाते की ते लिहून ठेवायची गरजच पडलेली नाही.

फारुकने हाराआडून हरीशकडे पाहिले. “सर, हे काय होऊन राहिलं?”

“फारुकभाई, मराठी बोलू नका,” हरीश कुजबुजला. “नाही तर माझी मंगळवारची मुलाखत गेली.”

रोमेलला दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अपमानाची रेषही उमटली नाही. उलट तिथे सुट्टी उगवली. “म्हणजे मला बोलावे लागणार नाही?” त्याने विचारले. त्याने बॅग अदबीने शिपायाकडे सोपवली आणि फाटकाबाहेरच्या लिंबाखाली सुमनबाईंची भज्यांची टपरी होती तिकडे तो निघून गेला. त्या दिवशी त्या आवारात आपल्या इच्छेप्रमाणे वागलेला तो एकमेव मनुष्य.

सभागृहात दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले. सात सत्कार झाले; त्यांत ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार आले. फारुकला शाल, श्रीफळ आणि फेटा मिळाला. त्याच्या मागच्या फलकावर ‘आंतरराष्ट्रीय विचारवंत डॉ. रोमेल’ असे फुटाफुटाच्या अक्षरांत लिहिलेले होते; ही डॉक्टरकी प्राचार्यांनी परस्पर बहाल केली होती. पहिल्या रांगेतला एक निवृत्त ग्रामसेवक बराच वेळ टक लावून पाहत होता. शेवटी तो किशनरावांच्या कानाशी लागला.

“साहेब, अस्साच एक डायवर मी वारंग्याला पाह्यला हाय.”

“गोरे समदे सारखेच दिसतेत,” किशनराव म्हणाले.

मग बीजभाषण पुकारले गेले. फारुक माइकसमोर उभा राहिला. हरीश भाषांतरकार म्हणून त्याच्या बाजूला होता. मराठी बंद, हिंदी तर सभागृहाला घरच्यासारखी. इंग्रजी फारुकला ब्रेक आणि क्लचपुरती येई. त्याने घाम पुसला. मग त्याला निजामाबाद आठवले असावे. त्याने घसा साफ केला आणि खणखणीत तेलुगूत चार वाक्ये बोलून तो थांबला.

हरीशला तेलुगूचे अक्षर कळत नव्हते. सभागृह त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

“डॉक्टरसाहेब म्हणतात,” त्याने घडी उलगडली, “हळद शिजली की नाही, हे कढईवरच्या बाईला वाफेच्या वासावरून कळते. खात्री करायला ती हळकुंडात काडी टोचून पाहते. या बाईला आपण ज्ञानपरंपरा म्हणतो. तिच्यावर चर्चासत्र भरवतो, आणि त्या दिवशी तिला चहा करायला बाहेर बसवतो.”

सभागृह शांत झाले. अशी शांतता या सभागृहाने हरीशच्या वाट्याला कधी दिली नव्हती. नऊ वर्षे तो बोलू लागला की मागचे बाक मोबाइल काढत.

फारुक पुन्हा दोन वाक्ये बोलला. त्यांचे भाषांतर सहा मिनिटे चालले. एक विद्यार्थिनी हसली, तेव्हा प्राचार्य मागे वळून म्हणाले, “भाषा फार संक्षिप्त आहे ती.”

शेवटचा परिच्छेद हरीशने निबंधातून स्वतःच खोडला होता. खोडलेले अजून वाचता येत होते, आणि बोलणारा तो नव्हताच.

“डॉक्टर म्हणतात, मी एक अशी संस्था पाहिली जिथे इमारत कायम, शिपाई कायम, अध्यक्ष तर मरेपर्यंत कायम, आणि शिकवणारा तेवढा तासावर. तिथली मुले शहाणी झाली तर ती चोरून झाली असे समजावे. आणि तिथे पाहुणा बोलवायचा तो ऐकण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी.”

प्राचार्यांचा रंग उडाला. सगळे किशनरावांकडे पाहू लागले. किशनरावांनी क्षणभर विचार केला, आणि मग दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवल्या. त्यासरशी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. असली संस्था नक्कीच शेजारच्या तालुक्यात असणार, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता.

जेवणानंतर किशनरावांनी हरीशला बाजूला घेतले. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि हरीशला वाटले, झाले. पुनमला फोन कोणत्या शब्दांत करायचा तेही त्याने मनाशी ठरवले. त्याची बायको नऊ वर्षे हा फोन येणार म्हणून वाट पाहत होती.

“सर, भाषांतर झकास करता तुमी.”

“धन्यवाद, साहेब.”

“म्हनूनच मोकळं बोलतो. जागा एकच हाय. तिथं आपल्याला सोताच्या डोक्यानं विचार करनारा मानूस पाह्यजे. आता ते डॉक्टर पाहा. कुठून आले, आन् आपल्या भागाचं दुखनं कसं बराबर हेरलं! तुमी नऊ वर्सं इथंच हाव. तुमाला सुचलं का कदी असं काही?”

 याचे खरे उत्तर देणे म्हणजे अध्यक्षांच्या हातून पडलेला हार परत घेणे होते.

“आमच्या साडूची पोरगी हाय, शीतल. तिला घेऊन राहिलो. मंगळवारी तुमी या मात्र, मुलाखतीला दोन तरी लोक दिसाय पाह्यजेत. तुमचे तास हाईतच. आन् हां, अहवाल उद्या द्या. डॉक्टरांचं भाषन शब्दाला शब्द घाला, तुमचं काही घुसडू नका. फोटोखाली नावं बराबर टाका.”

हरीश लिंबाखाली आला, तेव्हा रोमेल बाजेवर पडून झोपला होता, तोंडावर टोपी, शेजारी तीन रिकाम्या ताटल्या. सुमनबाई कांदा चिरत होत्या.

“नेपाळचं हाय का हे लेकरू?” त्यांनी विचारले. “इचारलं तर नुसतं हासतं. मंग मी म्हनलं, खाय बाबा आन् झोप. दमून आलेल्याला काहून छळायचं?”

बाईंनी केला तो त्या दिवसातला आठवा आणि एकमेव सत्कार.

जीप सेनगावच्या रस्त्याला लागली. रोमेलने डोळे चोळत विचारले, भाषण कसे झाले? उत्तम, हरीश म्हणाला. मग त्याने फारुकला विचारले, “तेलुगूत काय बोललात तुम्ही?”

“निजामाबादला माल उतरवाया उशीर केला की हमालांना बोलतो ना, तेच. शिव्या गाळून, सर. शिक्षनाची जागा हाय.” त्याने गिअर बदलला. शाल त्याच्या मांडीवर होती. “एक सांगू? आजवर लोक मला फुकट बाहेरचा म्हनत व्हते. आज शाल देऊन म्हनले.”

तो हसला. हरीशला मात्र हसू आले नाही. किशनरावांनी सांगितलेले तो त्याला एका दमात सांगून मोकळा झाला. फारुकने जीपचा वेग कमी केला.

“मंग आता?”

“आता अहवाल.”

सोमवारी सकाळी, आठच्या तासाआधी, हरीश संगणकासमोर बसला. किशनराव कोणत्याही कागदावर सही करताना तो वाचत नसत. नऊ वर्षांत या संस्थेने त्याला दिलेले हे सर्वांत उपयोगी ज्ञान होते. भाषण त्याने शब्दाला शब्द घातले. त्यावर लेखकाचे नाव घातले: हरीश, इंग्रजी विभाग, तासिका तत्त्वावर. मग पोर्चमधला तो फोटो लावला आणि फारुकला फोन केला.

“फारुकभाई, फोटोखाली तुमचं नाव टाकतोय. खरं नाव. तकलीफ तर नाही ना काही?”

पलीकडे फारुकने जीपचे इंजिन बंद केले.

“बराबर टाका. अब्बांचं बी टाका. आन् गाव टाकाच, सर. गाव इसरू नका.”

दहा वाजता किशनरावांनी सही केली आणि अहवाल मूल्यांकन समितीकडे रवाना झाला. फोटोच्या खालची ओळ अशी होती:

‘डावीकडून : प्राचार्य, मा. अध्यक्ष किशनराव, त्यांच्या हस्ते सत्कार स्वीकारताना श्री. फारुक वल्द महेबूब, जीपचालक, मूळ राहणार वारंगा फाटा. आणि अध्यक्षांची बॅग धरून उभे असलेले परदेशी पाहुणे, श्री. रोमेल, फिटर, फिलिपाइन्स.’