हिरव्या टोपीची, बडीशेपेच्या वासाची

मी एक जुनी रानअळंबी आहे, आणि मित्रांनो, आधीच ठणकावून सांगते, मी विषारी नाही! माझा रंग हिरवट-निळा. तेवढ्यावरून एस्टोनियातल्या या बर्चच्या जंगलात कितीजण मला बघून नाक मुरडतात. तेच नाक जरा खाली आणलं तर बडीशेपेचा वास येईल. वर दिसते ती टोपी चार दिवसांची. पण कुजक्या पानांखालचं माझं पांढरं जाळं जवळच्या गावातल्या म्हाताऱ्या हेल्वेबाईंच्या लग्नाआधीपासून इथंच आहे.

हेल्वेबाईंनी मला कधी हिणवलं नाही. पानगळ सुरू झाली की टोपली घेऊन यायच्या, मला वाळवायच्या आणि चिमूटभर पूड बटाट्याच्या सारात घालायच्या. त्या साराचं गावात नाव होतं. पुढे त्यांची नजर गेली, नुसत्या सावल्या दिसू लागल्या. तरी त्या येतच राहिल्या. "नाक शाबूत आहे ना माझं?" म्हणायच्या.

एका वर्षी घात झाला. माझ्याबरोबर टोपलीत माझ्याच घोळक्यात उगवलेली एक पांढरी अळंबी गेली. आमच्याच भावकीतली, पण जहरी. वाटभर ती मला चिकटून बसली आणि माझा वास तिला लागला. घरी हेल्वेबाईंनी एकेक हुंगून बाजूला ठेवली. तिला चिरायला घेतलं, तोच सून रीना ओरडली, "आई, सुरी खाली ठेवा! ही पांढरीफटक आहे."

"अगं, वास घेऊन बघ. बडीशेप!"

"वास आहे, पण रंग कुठाय? आज पोरं जेवणार होती ना हे!"

हेल्वेबाईंच्या हातातून सुरी गळाली. रीना मात्र तडक जंगलात आली आणि बुटांनी मला चिरडू लागली. मागून झाडं चाचपत सासू आली.

"थांब! चूक माझी, तिला का तुडवतेस?"

"तुम्ही पुन्हा याल म्हणून!"

"येणारच! मरेपर्यंत येणार. डोळे गेले म्हणून जंगलही सोडू? भीती वाटते तर बरोबर ये. पण आता पाय उचललास, तर आधी मला ढकलावं लागेल, सूनबाई."

रीनाने पाय उचलला नाही. ओंडक्यावर बसून ती हमसून रडली. हेल्वेबाईंनी माझा एक चुरगळलेला तुकडा उचलून तिच्या नाकाशी धरला.

"गोड आहे मेली," रीना नाक ओढत म्हणाली.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम तिथंच उगवले, चांगलं गोल कडं करून! दोघी आल्या. तेव्हापासून दर वर्षी रीना मला उलटी करून रंग पाहते, टोपीखालून देठावर उतरणाऱ्या फिकट रेघा पाहते, मग सासूला हुंगायला देते. दोघींचं एकमत झालं तरच मी टोपलीत. रंग उडालेली, वास कितीही येवो, तिथंच राहते.

"फौजदारीण झालीस अगदी," हेल्वेबाई कुरकुरतात.

"झाले. चला, पुढची द्या."

मित्रांनो, नुसत्या वासावर भाळू नका आणि नुसत्या रंगाला भिऊ नका. जाणत्या माणसाने हातात धरून ओळख पटवल्याखेरीज मला तोंडात घालू नका. ओळखता येत नसेल तर खुशाल पुढे जा. पण स्वतःला कळलं नाही म्हणून मला विष ठरवू नका. तुमच्या भीतीपायी मी काही रंग बदलायची नाही!