थंडबाबाची पाचवी बरणी

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाने पातळ झालेलं डांबर चपलांना चिकटत होतं, तरी कोणी सावलीला जाईना. मधल्या टेबलावर काचेच्या पाच बरण्या होत्या. तळाशी फुलांचा थर, बाहेरून एकेका घराच्या नावाची चिठ्ठी. पलीकडे गादीवर थंडबाबा. उन्हाळा थंड करून देतो म्हणून हे नाव. स्वतः मात्र दोन पंख्यांच्या मधोमध बसला होता.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली तीन म्हातारी माणसं उष्माघाताने गेली होती. सगळे घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला दोष द्यायला कोणीतरी लागतंच.

"एक घर गल्लीत ऊन ओढून आणतंय!" बाबा गरजला. "ज्याच्या बरणीत ज्योत गुदमरेल, ते घर आजच बाहेर काढा. उद्यापासून गारवा. नाही पडला तर माझी दाढी उतरवा!"

"दाढी राहू दे, आधी पंखे बंद कर," मी पुटपुटलो. शेजाऱ्याने मला कोपर मारलं.

पाचव्या बरणीवर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. नवरा गेल्यापासून ती चौकाला लागूनच, गल्लीच्या तोंडाशी, कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे इस्त्री करून देते. दिवसभर निखारे फुलवणारी एकटी बाई; संशयाला तेवढं पुरलं. मुलीचा हात घट्ट धरून ती माझ्या मागे उभी होती.

"दादा, खरंच काढलं तर जाऊ कुठे रे?"



बाबाच्या चेल्याने पाचही बरण्यांत एकाच जगमधलं 'मंतरलेलं पाणी' ओतलं, वर सैल झाकणं ठेवली. बाबाने डोळे मिटून भलामोठा मंत्र म्हटला. मग तारेला बांधलेली पेटती वात एकेका बरणीत सोडली. पहिलीत जळाली. दुसरीत, तिसरीत, चौथीतही जळाली. पाचवीत मात्र चिमटीत धरून दाबावी तशी विझली.

एकच गलका उठला. दोघांनी बहिणीचं इस्त्रीचं टेबल रस्त्यावर ओढून आडवं केलं. निखारे विखुरले. ज्याचे वडील कालच गेले होते तो रिक्षावाला तिच्या अंगावर धावला. "माझ्या बापाला तूच खाल्लंस!"

मी मध्ये उभा राहिलो. चाळीस वर्षं मी विहिरींचा गाळ काढला आहे. उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा, हा आमचा नियम. कंदील विझला की पाय खाली टाकायचा नाही, कारण तळाशी कोंडलेली जड हवा असते. तिला ना रंग, ना वास. एकदा माझा जोडीदार कंदील न सोडता उतरला. आम्ही त्याचं प्रेतच दोराने बांधून वर घेतलं. अशी मुकाट विझणारी ज्योत मी ओळखतो.

"बाबा, एक घर राहिलं," मी म्हणालो. "तुमचं."

"म्हाताऱ्या, भस्म होशील!"

"होऊ दे. या उन्हात तसाही अर्धा झालोच आहे."

मी बाबाचा पाण्याचा पेला रिकामा केला, आत टेबलावरचं मेणबत्तीचं थोटूक लावलं आणि पेटवलं. "हा पेला बाबांच्या नावाचा." चेल्याने माझं मनगट पिरगाळलं. तेवढ्यात रिक्षावाल्याचा आवाज आला, "सोड त्याला. मला बघायचंय."

मी पाचव्या बरणीचं झाकण काढलं. आतलं पाणी सांडणार नाही इतपत बरणी पेल्यावर हळूच कलती केली, तेल ओतावं तशी. बरणीतून काहीही पडताना दिसलं नाही. ज्योत वाकली, आणि विझली.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मग बाबालाच काढा की बाहेर!"

हशा पिकला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या. त्यांनी पाण्याचा जग हुंगला. "हे व्हिनेगर आहे." पाचव्या बरणीतली फुलं बाजूला केली तर खाली पांढरा खाण्याचा सोडा. बाकी चारींत नुसती फुलं. त्यांनी थोडं आणखी ओतलं तसा फसफसून फेस आला. "कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड. यात आग जगत नाही. फेस फुलांनी झाकला, आणि मंत्र लांबवला तो हा वायू साचावा म्हणून."

बाबा कडेला उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे सरकला, पण पोरांनी वाट अडवली होती.

रिक्षावाला हसला नव्हता. "बाई, मग माझा बाप कशाने गेला?"

"उन्हाच्या लाटेने. आणि अशा लाटा वाढण्यामागे हाच वायू आहे. ऊन जमिनीला तापवतं, जमीन ती उष्णता परत आकाशाकडे सोडते. हा वायू, मिथेन आणि असे आणखी काही वायू त्यातली थोडी अडवून ठेवतात. तेवढी अडली नसती तर पृथ्वी गोठली असती. पण आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हे वायू फार वाढवले. म्हणून ताप चढतोय. बर्फ वितळतंय, समुद्र वर येतोय, कुठे दुष्काळ, कुठे पूर. आणि आधी मरतात ती म्हातारी माणसं."

"म्हणजे माझ्या निखाऱ्यांनीसुद्धा?" बहिणीने हळूच विचारलं.

"हो ताई, चिमूटभर. गाड्या, कारखाने आणि वीज केंद्रांनी डोंगरभर."

रिक्षावाला आपल्या रिक्षाकडे बघत राहिला. मग खाली वाकला, टेबलाचं एक टोक धरलं आणि म्हणाला, "काका, दुसरीकडून धरा." आम्ही ते जागेवर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गारवा पडला नाही. एका बाईला हाकलून तो पडलाही नसता. धूर कमी करावा लागेल, सावली वाढवावी लागेल, दुपारी म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन पाणी विचारावं लागेल. कामं कष्टाची आहेत आणि कोणताही मंत्र ती करून देणार नाही. म्हणून संकट आलं की आधी बरणीतली फुलं बाजूला करून बघा, आणि मगच कोणाकडे बोट दाखवा.