पंधरा सेकंद आणि पूर्ण मिनिट

गेल्या वर्षी मलकापूरच्या बॅकगॅमन स्पर्धेत रेणुका गवई हरली ती घड्याळामुळे. पट तिच्याच बाजूने होता, फासेही चांगले पडत होते. पण समोरचा किती मागे आहे हे ती बोट ठेवून एकेका सोंगटीवरून मोजत बसली, आणि मोजता मोजता तिच्या बाजूचं घड्याळ शून्यावर आलं. नियमच तसा होता. सात गुणांच्या सामन्याला प्रत्येकाला चौदा मिनिटं. प्रत्येक चालीचे पहिले बारा सेकंद फुकट, त्यापुढचा वेळ त्या चौदातून कापला जाणार. वेळ संपला की सामना गेला.

रेणुका नांदुऱ्याची, सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स. बॅकगॅमन तिच्या घरात आलं नवऱ्यामुळे. देवानंद अकरा वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवून परत आला तेव्हा सामानात एक लाकडी पट होता. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे. सोंगट्या फिरवत आपल्या घरात आणायच्या आणि ज्याच्या आधी बाहेर निघाल्या तो जिंकला. एकटी सापडलेली सोंगटी समोरच्याने मारली की तिला पुन्हा सुरुवातीपासून फिरावं लागायचं. देवानंद हौसेने खेळायचा, रेणुका जिंकायला. दोन वर्षांत अशी वेळ आली की डाव अर्धा झाला की देवानंद स्वतःच चहा ठेवायला उठायचा.

हरून आली त्या दिवशी ती जेवली नाही.

"चाल तं बरोबर होती ना?" देवानंदने विचारलं.

"चाल बरोबर होती. मलेच उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी वॉर्डात फेरी मारत होती. एका खाटेपाशी नाडी पंधरा सेकंद मोजली, चारने गुणलं, लिहिलं, पुढची खाट. सातव्या खाटेवर भिमाबाई नावाची म्हातारी होती, तिची नाडी मध्येच अडखळत होती. तिथे रेणुका पूर्ण मिनिट उभी राहिली. मनगट सोडताना तिला एकदम हसू आलं. म्हातारी घाबरली.

"काऊन हसता बाई? जास्तच बिघडलं का?"

"नाही आजी. तुमचं चांगलं हाये. माहंच काहीतरी बिघडलं होतं."

प्रत्येक चालीला ती पूर्ण मिनिट देत आली होती. सरळ चालीला पंधरा सेकंदही जास्त होते.

त्या दिवसापासून घरात नवाच उद्योग सुरू झाला. देवानंद सोंगट्या हव्या तशा मांडायचा आणि वर पंचा टाकायचा. पंचा उचलला की मोबाईलवर वेळ सुरू. रेणुकाने बोट ठेवणं सोडलं. दोघांच्या सारख्या जागी असलेल्या सोंगट्या ती मनातच एकमेकींतून वजा करून टाकायची. उरलेल्यांना किती घरं चालायची आहेत, त्यातला फरक तेवढा काढायची. आधी पन्नास सेकंद लागले, मग तीस. उन्हाळा संपेपर्यंत ती आठ-दहा सेकंदांत सांगायला लागली, "मी सहाने मागं." देवानंद एकेक घर मोजून पाहायचा आणि मान हलवायचा. एकदाच तिचं चुकलं, तर त्याने शेजाऱ्यांना सांगितलं.

या वर्षी ती अंतिम सामन्यात पोचली. समोर नागपूरचा हर्षल देशकर, गेल्या वर्षीचा विजेता, सभ्य माणूस. प्रत्येक चालीआधी हनुवटीवर हात ठेवून विचार करायचा. रेणुका सोप्या चाली फटाफट खेळून घड्याळ दाबत होती.

चार-चार अशी बरोबरी असताना हर्षलने डबल दिलं. घेतलं तर डाव दोन गुणांचा, नाकारलं तर एक गुण त्याला. दोघांच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या होत्या. आता नुसती शर्यत होती. रेणुकाने पटावरून नजर फिरवली. त्याच्या सगळ्या सोंगट्यांची मिळून सत्तरच्या आसपास घरं उरलेली, ती अकराने मागे. आठ-नऊने मागे असती तर लढली असती.

"नाही घेत," ती म्हणाली. सात सेकंद झाले होते.

कडेच्या खुर्चीवर बसलेल्या देवानंदने कपाळाला हात लावला. तिला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, पण ती वळली नाही.

पुढच्या डावात तिने डबल दिलं, हर्षलने घेतलं आणि हरला. सहा-पाच. आता तिला एकच गुण हवा होता. तिच्या घड्याळात साडेसहा मिनिटं होती, त्याच्या घड्याळात पन्नास सेकंद.

आणि तेव्हा डाव अडला. मागे राहिलेल्या दोन सोंगट्या घेऊन पळावं, की त्यांनी त्याच्या घरात धरलेली जागा सोडू नये? रेणुकाने हात मांडीवर ठेवले. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. तिने फरक काढला, पुन्हा काढला: चोवीसने मागे. पळून काही हाती लागणार नव्हतं. थांबायचं. त्यालाच आपल्या सोंगट्यांच्या जोड्या मोडाव्या लागतील.

ती मागच्या सोंगट्या न हलवता खेळली. हर्षलचा फासा वाईट पडला. बारा सेकंद गेले, मग उरलेल्या पन्नासांतले वीस, तीस, चाळीस. घाईघाईत त्याने एक सोंगटी एकटी उघडी टाकली. रेणुकाचा फासा पडला चार-तीन; तिला चारच हवा होता. तिने ती सोंगटी मारली आणि पुढचा सगळा डाव इतका सरळ गेला की तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही. सात-पाच.

पंच मंजुश्रीताईंनी निकाल लिहून घेतला. हर्षल उठला, हात जोडले आणि विचारलं, "मॅडम, ते डबल नाकारलं तेव्हा फरक किती होता? मी नऊ काढला होता. वाटलं, तुम्ही घ्याल."

"अकरा."

तो डाव संपल्यावर पटाचा घेतलेला फोटो त्याने मोबाईलवर उघडला आणि तिथेच मोजलं. दोनदा मोजलं.

"अकराच," तो म्हणाला.

देवानंद शेजारीच उभा होता. "म्या कपाळाले हात लावला होता," तो कबुली दिल्यासारखा बोलला.

"पाह्यलं म्या," रेणुका म्हणाली. "म्हणून तं वळली नाही."

चषक पिशवीत मावेना. नांदुऱ्याच्या गाडीत तो तिने मांडीवर धरला. समोरच्या बाकावरच्या बाईने कौतुकाने विचारलं, "पोरीचा हाये का?"

देवानंद तोंड उघडणार होता. रेणुकाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"नाही बाई," ती म्हणाली, चांगली मोठ्याने, डब्यातल्या चार लोकांना ऐकू जाईल अशी. "माहा हाये."