फेसाला समुद्र समजून

तो पक्षी तुम्ही मारलात. मारण्याआधी त्याचा फोटो फ्लेक्सवर लावलात आणि त्याच्याशेजारी हात जोडलेला स्वतःचा फोटो छापून घेतलात. आमदारकीच्या खुर्चीवरून उठून एकदा तळ्याच्या काठावर आला असतात, तर नाकानंच सगळं सांगितलं असतं.

वसुमती आली होती. गुरुवारी सकाळी, बंगळूरच्या जयनगरहून बस पकडून, बोम्मसंद्र्याला धाकट्या भावाकडे. त्याचं, मालोजीचं, घर तळ्याला लागून. कारखान्यांचं पाणी आत उतरलं की तळ्यावर कमरेएवढा फेस चढायचा आणि वाऱ्यानं रस्त्यावर लोळायचा. त्या फेसाच्या कडेला तिला तो दिसला. बदकाहून मोठा, पांढराशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, तोंडावर काळा मुखवटा चढवल्यासारखा. मास्क्ड बूबी. भर समुद्रातला पक्षी, जमिनीला पाय लावतो तो बेटावर अंडी घालण्यापुरता. अर्धं आयुष्य दुर्बीण गळ्यात घालून फिरलेल्या वसुमतीला नजर हटवेना. मंगळूरकडच्या वादळानं त्याला घाट चढवून आणला असणार. पण वाटेतली इतकी तळी सोडून इथंच का? तिनं वर आभाळाकडे पाहिलं, मग खाली फेसाकडे. वरून हे तळं फुटणाऱ्या लाटांसारखं दिसत असणार.

मालोजी तिथल्या रहिवासी संघाचा सेक्रेटरी. रविवारी तळ्यावर तुमच्या हस्ते बोटिंग सुरू व्हायचं होतं आणि पहिल्या बोटीत त्याची मुलगी अनुषा बसणार होती. बहिणीनं काढलेला फोटो त्यानं तिला न विचारता तुम्हाला पाठवला.

"अक्का, आता मालपेला कशाला जायचं? बीचच दारात आलाय," तो हसत म्हणाला.

संध्याकाळी फ्लेक्स लागला: पाणी इतकं स्वच्छ झालंय की समुद्रातले पाहुणे येताहेत.

शुक्रवारी पक्षी पाण्यात जरा खोल बसलेला दिसला. शनिवारी नुसती पाठ आणि मान. पिसांवरचं तेल साबणाच्या पाण्यानं धुतलं जात होतं आणि तो कापसासारखा भिजत चालला होता. वसुमतीनं तुमच्या ऑफिसात फोनवर फोन केले. सरी मॅडम, नोडोणा, म्हणजे बघू, एवढंच उत्तर. ती स्वतः त्याला काढायला गेली, तर बोटी साखळीनं बांधलेल्या. उद्घाटनाआधी सोडायच्या नाहीत, असा तुमचा हुकूम. मग अनुषाला तरी बोटीत बसवू नको म्हणून तिनं भावाला परोपरीनं विनवलं. पोरीला लाईफ जॅकेट आहे, तू स्वल्प दम घे, म्हणून त्यानं विषय संपवला.

रविवारी टँकरनं फवारे मारून फेस बसवला. खाली काळं पाणी उघडं पडलं. त्यात, धक्क्याच्या फळ्यांशी लागून, तो पक्षी होता, मान पाण्याखाली.

सनईची कॅसेट लागली. अनुषा बोटीत बसली आणि वाकून तिनं पाण्यात हात घातला. हात वर आला तो बोटांवर बुडबुडे घेऊन. "आत्या, साबण!" ती खुशीत म्हणाली. लोक हसले. तुम्हीही हसलात.

वसुमती फळ्यांवरून पुढे आली. एका कडेवर पदरात गुंडाळलेला पक्षी, त्याची चोच बाहेर लोंबणारी, पाणी टपटपणारं. दुसऱ्या हातानं तिनं बोटीची दोरी खुंटावरून उचलली आणि मनगटाला वेढा दिला. शिपाई धावला. मालोजी पुढे आला, पण त्याची नजर आधी चोचीवर गेली, मग पोरीच्या ओल्या बोटांवर, आणि तो शिपायाला आडवा उभा राहिला.

"साहेब," वसुमती म्हणाली, "हा जन्मभर समुद्रावर झोपला, बुडाला नाही. तुमच्या तळ्यात तीन दिवसांत बुडाला. या पाण्यात काय सोडलंय, कुणी सोडलंय? ते कळल्याशिवाय ही दोरी सुटणार नाही. माईक तुमच्याच हातात आहे. बोला."