पहिली खुंटी

गड चढायला म्हणून मुद्दाम येणारा माणूस थोडा वेडसर समजला जाई, त्या दिवसांतली ही हकिकत. मुंबईहून धरमतरपर्यंत बोट, तिथून माणगावापर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली की गडाखालची आंबेपेठ लागे. पेठ कसली, दहा-बारा दुकानं, एक देऊळ आणि मागे सरळ उभा कडा. उतरायला तीन जागा. सरकारी बंगला होता, पण त्याची चावी मामलेदाराच्या चिठ्ठीशिवाय हलत नसे. देवळाची धर्मशाळा होती, तिथे ढेकूण आणि शेळ्या आधीपासून उतरलेल्या असत. तिसरी जागा म्हणजे सोनूबाईची पडवी. गाडीवान न विचारताच गाडी तिच्या अंगणात नेऊन उभी करी.

पडवी शेणाने सारवलेली, अंथरायला घोंगड्या, जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुक्या जवळ्याची चटणी. भिंतीवर ओळीने बारा खुंट्या आणि खुंट्यांवर खैराच्या काठ्या, प्रत्येकीला खाली लोखंडी शेंबी. काठ्या सोनूबाईच्या नवऱ्याने, कोंडाजीने, स्वतः तासल्या होत्या. पहिलीवर एक खाच, दुसरीवर दोन, अशा बारापर्यंत. पाहुण्याने चढताना काठी घ्यायची आणि उतरल्यावर ज्या खुंटीची तिथेच टांगायची, हा घरचा नेम. संध्याकाळी भिंतीकडे एक नजर टाकली की कोण खाली आलं, कोण वर राहिलं ते कळे. पाहुण्यांच्या सगळ्या काठ्या टांगल्याशिवाय सोनूबाई पडवी झाडत नसे. गेलेल्याच्या मागे केर काढू नये म्हणतात.

पहिली खुंटी मात्र सहा वर्षं रिकामी होती.

ती काठी कोंडाजीची. गडाचा वाटाड्या तो, डोळे मिटून चढला असता. सत्तावीस साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. पाऊस लांबला होता, पाहुणे नव्हते, घरात मीठसुद्धा उसनं. सोनूबाई बोलून गेली, गावातले सगळे गिरणीत लागले, तुम्ही तेवढे दगडांना धरून बसा, जा की मुंबईला. हे बोलणं ओटीवर बसलेल्या सासूने, काशीबाईने ऐकलं. उजाडताना कोंडाजी काठी घेऊन बाहेर पडला तो परत आला नाही.

चार दिवस लोकांनी गड धुंडाळला. मग दिवाळीला मुंबईहून चंदर आला, कोंडाजीचा चुलतभाऊ. त्याने सांगितलं, कोंडाजीला लालबागात पाहिलं. गर्दीत पाठमोरा होता, हाक मारली तर वळला नाही. झालं. शोधणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं. कोणी म्हणे तिकडे दुसरी केली असेल. काशीबाईला डोळ्यांनी कमी दिसत चाललं होतं, पण जिभेला काही झालं नव्हतं. "तुझ्या तोंडानं माजा लेक घालवलास" हे वाक्य सोनूबाईने सहा वर्षं भाकरीसोबत खाल्लं.

पहिल्या वर्षी ती रडली. दुसऱ्या वर्षी चिडली. नंतर दोन्ही थांबलं. कपाळाला कुंकू लावायची, हातात काकणं भरायची, पाहुण्यांना वाढायची. म्हातारी मात्र रोज संध्याकाळी विचारायची, टपाल आलं का. सोनूबाई न्हाय म्हणायची आणि दिवा लावायची.

तेहतीस साली थंडीत अलिबागच्या शाळेतले दत्तात्रेय मास्तर दोन मित्रांना घेऊन उतरले. हे त्यांचं तिसरं वर्ष. दिवसभर गडावर हिंडून संध्याकाळी तिघं दमून परतले, काठ्या टांगल्या, जेवले आणि आडवे झाले. तिघं गेले होते, तिघं आले, म्हणून सोनूबाईने भिंतीकडे पाहिलंच नाही.

सकाळी केरसुणी घेऊन ती पडवीत आली आणि थांबली. भिंत भरलेली होती. काय चुकतंय ते तिला लगेच कळेना. मग पहिल्या खुंटीवर नजर गेली. काठी पांढुरकी पडली होती, शेंबीला गंजाची पुटं होती. खैराला वाळवी लागत नाही, तशी हिलाही लागली नव्हती. मुठीखाली बोट फिरवलं. एक खाच.

ती तशीच आत गेली. चुलीवर पाणी ठेवलं. पीठ मळलं. मास्तर तोंड धुऊन चुलीजवळ शेकायला आले तेव्हा तिने पाठमोरीच विचारलं.

"मास्तर, पयल्या खुंटीची काठी तुमी टांगलीत?"

"हो, सांगायचंच राहिलं," मास्तर म्हणाले. "मागच्या अंगाला, त्या मोडक्या वाटेखाली कपार आहे ना, तिथे अडकली होती. खाच बघितली, म्हटलं तुमचीच. कोणी पाहुणा विसरला असणार. तिची खुंटीही रिकामी होती."

"आजून काय व्हतं तिथं?"

"काही नाही. खाली फार खोल आहे. झाडीच झाडी. का हो?"

"काय न्हाय. पिठलं घ्या."

मागची वाट. पावसाळा उलटला की पाहुण्यांना नेण्याआधी वाटाड्याने ती एकदा एकट्याने पाहून यायची असते. दगड सुटलेत का, पायऱ्या शाबूत आहेत का. कोंडाजी दर वर्षी दसऱ्याला जायचा. ही गोष्ट तिला ठाऊक होती, गावालाही ठाऊक होती. पण भांडणाचा आवाज मोठा झाला होता आणि लोकांनी पुढची वाट शोधली, राजमार्ग शोधला. मागच्या वाटेला धुक्यात कोणी उतरलं नाही. मग लालबाग आलं आणि कुणाला काही आठवलं नाही. तिलाही नाही.

म्हणजे तो घर सोडून गेला नव्हता. कामावर गेला होता.

तिने स्वतःच्या आत चाचपून पाहिलं, काही हलतंय का. भाकरी करपायला लागली तेवढी तिने उलटली. आता तोंड उघडलं तर घरात सुतक धरावं लागणार, तिघं उपाशी निघणार आणि गाडी माणगावापर्यंत चार तास. सहा वर्षं थांबलंय, आणखी घटकाभर थांबेल. तिने तिघांना पोटभर वाढलं, वाटेसाठी भाकरी बांधून दिली. मास्तरांनी पुढच्या वर्षी येतो म्हटलं, तिने या म्हटलं. गाडी वळणाआड गेली.

मग प्रश्न उरला तो एकच. म्हातारीला सांगायचं की नाही. न सांगावं तर तिचा लेक लालबागात जिवंत राहत होता आणि तिला रोज टपालाची वाट पाहता येत होती. सांगावं तर सोनूबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं, पण ते म्हातारीच्या डोक्यावर जाणारच होतं. सोनूबाई पडवीत काठीखाली उभी राहिली. दुकानावर कोणीतरी मिठाची गोणी ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

ओटीवरून काशीबाईने हाक मारली. "सोने, पावने गेले?"

"गेले."

"केर काडू नको येवढ्यात."

सोनूबाईने काठी उतरवली आणि ओटीवर जाऊन म्हातारीच्या मांडीवर ठेवली. काशीबाईने काठी चाचपली, शेंबीपासून वर, मुठीपर्यंत. तिचा अंगठा खाचेवर थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"कुटं घावली?"

"मागल्या वाटंला. कपारीत."

म्हातारीने मान हलवली. तिलाही आता दसरा आठवला असावा.

"मंग लालबागात व्हता तो कोन?"

"आसंल कोनतरी, आत्या."

कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. काशीबाईने काठी भिंतीला टेकवली.

"पानी काड आंगोळीला. आदी तुज्यावर घे." मग ती म्हणाली, "माज्यापरीस तुजं आदी."

सोनूबाईने विहिरीतून पाणी काढलं. डोक्यावरून घेतलं तेव्हा थंडी वाजली, तेवढंच तिला जाणवलं. कुंकू आपसूकच निघून गेलं. काकणं तिने धुण्याच्या पाथरीवर फोडली आणि काचा गोळा करून केळीच्या बुडाशी टाकल्या, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

गावातले चौघे कपारीपर्यंत जाऊन आले. खाली उतरता येत नाही म्हणाले. चंदरला पत्र गेलं, त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

सुतकाच्या तिसऱ्या दिवशी पेणहून दोघे जण गड चढायला आले. गाडीवानाने नेहमीप्रमाणे गाडी अंगणात आणली. सोनूबाईने उंबऱ्यातूनच सांगितलं, दहावा होईपर्यंत इथं उतरता यायचं नाही, देवळात जा, अंथरूण आधी झटकून घ्या. ते दोघे निघाले, तेवढ्यात एकाची नजर भिंतीकडे गेली. काठ्या तरी नेल्या तर चालतील का, त्याने भीत भीत विचारलं. सोनूबाईने ओटीकडे पाहिलं.

"न्हेऊ दे," ओटीवरून काशीबाई म्हणाली. "काठीला सुतक नसतं. मागली वाट मोडली हाय, त्या अंगाला जाऊ नगा. आनि उतरलाव की जितली तितं टांगा म्हनावं."

दोघांनी दुसरी आणि तिसरी काठी घेतली. संध्याकाळी ते परत येईपर्यंत सोनूबाईने केर काढला नाही.