चाकाच्या खुर्चीला घाबरलेल्या कोंबड्या

आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी थोरलीने मागचं अंगण झाडून लख्ख करून ठेवलं होतं. पक्षाघाताने आईची उजवी बाजू गेली होती. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं, आणि चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषधं आम्ही देऊ, पण जगावंसं त्यांना वाटायला हवं." थोरलीला वाटलं, त्यासाठी जगात एकच इलाज आहे, आणि तो मागच्या अंगणात माती उकरतोय.

आयुष्यभर लाँड्रीत इस्त्र्या फिरवून झाल्यावर आईने या कोंबड्या पाळल्या होत्या. आई दिसली की त्या पंख पसरून धावत सुटायच्या. मास्तरीण नावाची करडी कोंबडी तर तिच्या मांडीवर चक्क डुलक्या काढायची. पण नव्या वस्तूचं त्यांना भारी वावडं. पाण्याचं जुनं घमेलं फुटलं म्हणून एकदा थोरलीने लाल टब आणला, तर तहानेने चोची वासून सगळ्या कोपऱ्यात एकमेकींच्या मागे लपल्या. "बाईसाहेबांना लाल रंग चालत नाही," असं म्हणून आईने फुटक्या घमेल्यालाच ठिगळ लावलं. कोणीतरी छत्री उघडी वाळत ठेवली, तर दोन दिवस अंड्याचा पत्ता नाही.

हे सगळं ठाऊक असूनही थोरलीच्या डोक्यात काही आलं नाही. तिने आईला बसवलेली चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून खाली उतरवली. चाकं करकरली, दांड्यांवर ऊन चमकलं, आणि कोंबड्याने मान ताणून असा काही गलका केला की अंगणात धरणीकंप झाल्यासारखी पळापळ झाली. एक पन्हाळीत जाऊन अडकली. मास्तरीण भिंतीवरून उडाली ती थेट शेजारच्या गवंडीकाकांच्या स्वयंपाकघरात.

आईचा धड हात पुढे झाला होता, तो तसाच हवेत राहिला.

"नको," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. त्या दुपारी तिने पाणीसुद्धा थुंकून टाकलं.

पुढचे दिवस थोरलीने जिवाचा आटापिटा केला. चाकांवर चादर टाकली, तर कोंबड्या चादरीला जास्त घाबरल्या. चमकणाऱ्या दांड्यांना काळी फडकी गुंडाळली. आईच्या मांडीवर मका ठेवला. लांबूनच माना वेळावून त्या खुर्चीला शिव्या घातल्यासारख्या ओरडत राहिल्या, पण एकही पुढे सरकेना. "अगं मेल्यांनो, तीच आहे ना ती!" थोरली किंचाळली. तिने पायातली चप्पल भिरकावली आणि मग तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. आई बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिची मनगटं वाळक्या काड्यांसारखी झाली होती.

चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं थोरलीचं काम, त्याची रजाही संपत आली होती. धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, इथे शहरात अशा पेशंटची चांगली सोय असते. आणि त्या कोंबड्या देऊन टाक कोणाला तरी."

"ती जेवत नाहीये रे."

"म्हणूनच सांगतोय. तुला एकटीला झेपणार नाही."

"ये रविवारी," थोरली शेवटी म्हणाली. "घेऊन जा तिला."

फोन ठेवून ती मागे आली, तर खुर्ची रिकामी.

आई खाली मातीत पडली होती. घसरून की मुद्दाम, कोणास ठाऊक. कोपर खरचटलं होतं, साडीचा पदर खुर्चीच्या चाकात अडकला होता.

"आई! अगं काय केलंस हे!"

"शूऽऽ," आई म्हणाली.

मास्तरीण खुर्चीला लांबून वळसा घालत, एकेक पाय उचलून थबकत येत होती. आईच्या हाताशी येऊन तिने मान वाकडी केली, नीट निरखून पाहिलं आणि कुशीत अंग दुमडून बसली. मग बाकीच्याही आल्या. थोरलीला आईला उचलायचं होतं, पण एकटीला ते जमण्यासारखं नव्हतं. तीही मातीत बसली आणि तिने भिंतीपलीकडे हाक मारली, "काका, जरा येता का? आई पडलीय!"

गवंडीकाका कामावरून नुकतेच आले होते, तसेच धावले. डोक्यावर नवंकोरं पिवळं हेल्मेट. ते फाटकातून आत शिरताच कोंबड्या आरडाओरडा करत दाही दिशांना उधळल्या आणि कोंबडा खुर्चीखाली जाऊन दडला. खुर्चीखाली आहोत हे कळल्यावर तिथूनही बोंबलत बाहेर पडला.

"टोपी!" आई म्हणाली. तिचं तोंड वाकडं झालं, खांदे हलू लागले. थोरली घाबरली, तिला वाटलं झटका आला. पण आई हसत होती.

"काढतो बाई, काढतो," काका ओशाळून म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने अर्धी वाटी भात खाल्ला.

रविवारी धाकटा गाडी घेऊन आला, तेव्हा आई अंगणात सतरंजीवर उशांना टेकून बसलेली होती. थोरलीने त्याला घरात नेलं.

"मी नाही पाठवत," ती म्हणाली.

"अगं पण रोज तिला उचलून खाली ठेवायचं, परत वर घ्यायचं? कंबरेची वाट लागेल तुझ्या."

"लागली तर लागू दे. सकाळी काका येतात मदतीला. दुकानवाले अर्धा दिवस चालेल म्हणालेत."

"आणि परत जेवायची बंद झाली तर?"

आदल्याच दिवशी आईने ताट ढकलून दिलं होतं. "तेव्हा बघू," थोरली म्हणाली. "तू आधी तिला धरायचं कसं ते शीक. काखेतून हात घाल, ओढू नकोस."

धाकट्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या.